देवी कोणी घालवली?

विज्ञानाने मानवजातीचे अधिक कल्याण केले की धर्माने, हा वाद आपल्याकडे महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांतून आणि व्याख्यानमालांच्या परिसंवादांतून पिढ्यानुपिढ्या रंगत आला आहे. त्याचा शेवटही ठरलेला असतो. एक वक्ता वाफेच्या यंत्रापासून चंद्रावरील पावलापर्यंतची यादी वाचून दाखवतो, दुसरा हिरोशिमाचे नाव घेऊन त्या यादीवर काट मारतो आणि अखेरीस अध्यक्षमहाराज उठून, विज्ञान व धर्म ही एकाच रथाची दोन चाके आहेत, असा निर्वाळा देतात. श्रोते टाळ्या वाजवून समाधानाने घरी जातात. हे समाधान घातक आहे. रथ कोणाच्या मालकीचा, त्यात बसले आहे कोण आणि तो ओढणाऱ्यांच्या पाठीवर आसूड कोणाचा, हे विचारण्याची वेळच अध्यक्षमहाराज येऊ देत नाहीत.

असे वाद अमूर्त राहिले की कोणाच्याच हितसंबंधांना धक्का लागत नाही. त्याऐवजी एखादे असे प्रकरण हाती घ्यावे, की ज्याचा आरंभ आणि शेवट इतिहासाच्या दप्तरात नोंदलेला आहे आणि ज्याच्यावर धर्म व विज्ञान या दोघांनीही आपापला हक्क सांगितला आहे. असे एक प्रकरण मराठी माणसाच्या घरातलेच आहे. ते देवीच्या रोगाचे.

मराठी बोलीने या रोगाला देवतेचेच नाव दिले. अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' असे म्हणत. आणि रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचली, तर त्यालाही 'देवी काढणे' म्हणत. औषधालासुद्धा शत्रूच्याच नावाने ओळखण्याची पाळी यावी, इतकी धर्माची पकड या रोगावर होती. रोगाचा उग्र प्रकार झालेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे तीन मरत. जी जगत त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण राहत, कित्येकांचे डोळे जात. एकट्या विसाव्या शतकात या रोगाने जगभर सुमारे ३० कोटी बळी घेतले असा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांतील मृतांची बेरीज केली तरी ती या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही.

देवी आलेल्या घरात धर्म काय करीत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण प्रतिपक्षाचे उजवे अंग लपवून केलेला युक्तिवाद लंगडाच असतो. रोग्याच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणी देणे बंद करीत, बाहेरच्यांची ये-जा थांबवीत, रोग्याला कोणी टाकून बोलत नसे, कारण त्याच्या अंगात साक्षात देवी आलेली असे. त्यामुळे रोग्याला थोडी विश्रांती मिळे, थोडे विलगीकरण साधे, आणि मूल गेलेच तर आईला निदान एवढे म्हणता येई, की देवीने दिले आणि देवीने नेले. या सांत्वनाला हसणारा माणूस शहाणा नव्हे, निर्दय आहे. परंतु सांत्वन आणि उपाय यांत जे अंतर आहे, तेच या साऱ्या वादाचे मर्म आहे. शेकडो वर्षे शीतलेची पूजा झाली, नवस झाले, बळी दिले गेले. त्यायोगे एकाही तालुक्यातून हा रोग कायमचा हटला अशी नोंद नाही. कोप हेच रोगाचे कारण मानल्यावर दुसरे कारण शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. धर्माने माणसाचे खरे नुकसान केले ते येथे. त्याने दिलेले उत्तर चुकीचे होते, हा त्या मानाने लहान गुन्हा. त्याने प्रश्नच मिटवून टाकला, हा मोठा.

येथे पुनरुज्जीवनवादी मंडळी पुढे सरसावतात. लस टोचण्याची विद्या आमच्या पूर्वजांना ठाऊक होती, असा त्यांचा दावा असतो. त्यात तथ्यांश आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. बंगालमध्ये गावोगाव फिरणारे टीकादार देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचून सौम्य स्वरूपाचा रोग आणवीत, आणि त्यामुळे पुढे त्याला उग्र रोगापासून संरक्षण मिळे. जॉन होलवेल या इंग्रजाने १७६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे टीकादार ताजे द्रव्य वापरीत नसत, मागील वर्षीचे जपून ठेवलेले वापरीत, असे तो नमूद करतो. म्हणजे ताज्या द्रव्याचा आणि जुन्या द्रव्याचा परिणाम कोणीतरी डोळसपणे पाहिला होता, तो लक्षात ठेवला होता आणि त्यानुसार रीत बदलली होती. टोचताना मंत्र म्हटले जात, देवीची पूजा होई. पण संरक्षण मिळे ते द्रव्यामुळे. मंत्र वगळून द्रव्य टोचले असते तर गुण आला असता. द्रव्य वगळून नुसता मंत्र म्हटला असता तर आला नसता. पूर्वजांचा अभिमान बाळगायचाच असेल, तर तो त्यांच्या निरीक्षणाचा बाळगावा. परंतु अभिमानाचे दुकान मांडणाऱ्यांना निरीक्षण नको असते, कारण ते उद्या त्यांच्यावरही होऊ शकते.

धर्म आणि विज्ञान यांच्यातील सीमारेषा पोशाखावरून ओळखता येत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. १७२१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची साथ आली, तेव्हा टोचणीचा पुरस्कार केला तो कॉटन मॅदर या कर्मठ पाद्र्याने, आणि तिला कडाडून विरोध केला तो शहरातील पदवीधर वैद्याने. ही विद्या मॅदरला शिकवली होती त्याच्या घरातील ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने. त्याच्या मायदेशात ही रीत चालू होती. गुलामाच्या ज्ञानावर गोऱ्यांचे शहर वाचू लागले, तरी त्याचे नाव पाठ्यपुस्तकात यायला अडीचशे वर्षे पुरली नाहीत, हा विषय वेगळा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये एडमंड मॅसी नावाच्या धर्मोपदेशकाने प्रवचन दिले, की रोग ही ईश्वराने पाठवलेली परीक्षा किंवा शिक्षा असून ती टाळण्याचा प्रयत्न करणे पाप आहे. धर्म एकच आणि ग्रंथही एकच, पण दोन पाद्री दोन टोकांना. मग निर्णय झाला कशाने? मोजणीने. बोस्टनमध्ये सुमारे ५,९०० लोकांना रोग झाला आणि त्यांतील ८४४ मेले. झॅब्डिएल बॉयल्स्टन या वैद्याने सुमारे २४० जणांना टोचले, त्यांतील ६ मेले. सात माणसांत एक आणि चाळीस माणसांत एक, हा तो फरक. मॅदरने जेव्हा हा हिशेब मांडला तेव्हा त्याच्या अंगावर झगा पाद्र्याचा होता, पण युक्तिवाद विज्ञानाचा होता. कोणीही पुन्हा मोजून पाहावे आणि चूक असल्यास दाखवावी, एवढेच त्याचे म्हणणे होते. असे आव्हान देण्याचे धैर्य कोणत्याही पीठाधीशाने आजवर दाखवलेले नाही.

१७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीची लस वापरून ही विद्या निर्धोक केली, १७९८ मध्ये ती छापून सर्वांपुढे ठेवली आणि तिच्यावर मक्ता सांगितला नाही. ब्रिटिश पार्लमेंटने त्याला सार्वजनिक तिजोरीतून दोन वेळा मिळून ३० हजार पौंड दिले. संशोधकाला समाजाने गौरवावे आणि संशोधन समाजाचेच राहावे, हा व्यवहार तेव्हा कोणाला अशक्य वाटला नव्हता. १४ जून १८०२ रोजी बगदाद-बसरामार्गे आलेली ही लस मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर यशस्वी झाली आणि तिच्यापासून, मुलाच्या दंडावरून मुलाच्या दंडावर अशी, ती पुण्याकडे, मद्रासकडे, साऱ्या हिंदुस्थानात गेली. या प्रवासात जातीने आपला हिस्सा मागितला नसता तरच नवल. खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाच्या दंडातील लस आपल्या मुलाच्या अंगात नको, अशी तक्रार उच्चवर्णीयांनी पदोपदी केली; आणि लस वाहून नेण्याचे कष्ट मात्र बहुधा गरिबांच्याच मुलांच्या दंडांवर लादले गेले. मृत्यूपेक्षा विटाळाचे भय मोठे ठरले. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या स्पर्शानंतर गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' करणारी बुद्धी हीच. त्या पाण्यात काय कालवले जात आहे, हे पाहण्याची इच्छा तिला नव्हती; कोणाचा हात लागला एवढेच तिला पाहायचे होते.

आता जो प्रश्न व्याख्यानमालेतील बुद्धिवादी वक्ता टाळतो, तो विचारला पाहिजे. मुंबईत १८०२ मध्ये लस आली, आणि भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला मे १९७५ मध्ये. मधली १७३ वर्षे विज्ञान काय करीत होते? उपाय सिद्ध होता, स्वस्त होता, हाताशी होता. तरीही पिढ्यांमागून पिढ्या मेल्या. याचे खापर फक्त शीतलेच्या भक्तांवर फोडणे ही लबाडी आहे. साम्राज्यसरकारला छावण्यांतील सैनिकांचे आणि बंदरांतील व्यापाराचे आरोग्य महत्त्वाचे होते. खेड्यातील मुलाचे तेवढे नव्हते. सक्तीचे कायदे झाले ते प्रायः शहरांपुरते. पातळ लस उन्हाळ्यात नासून जाई आणि दूरच्या गावी पोहोचेपर्यंत तिच्यात पाण्याइतकाच गुण उरे. विज्ञान होते, ते पोहोचवण्याची इच्छा असलेली सत्ता नव्हती.

ती इच्छा निर्माण झाली तेव्हा काय घडले, हे समाजवादी कार्यकर्त्याने तपशिलाने समजून घेण्यासारखे आहे. १९५८ मध्ये जागतिक आरोग्य सभेत सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी देवीच्या जागतिक उच्चाटनाचा प्रस्ताव मांडला आणि त्यांच्या देशाने कोट्यवधी मात्रा विनामूल्य देऊ केल्या. उन्हात न नासणारी शुष्क लस बनवण्याची पद्धत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये सिद्ध झाली होती. ती कुलपात राहिली नाही. भारतात ती बेळगाव, हैदराबाद, मद्रास आणि नैनितालजवळील पटवाडांगर येथील सरकारी संस्थांत तयार होऊ लागली. थोड्या लशीत जास्त माणसे टोचणारी दुतोंडी सुई एका अमेरिकन कंपनीची होती. तिने या मोहिमेपुरते आपले हक्कशुल्क सोडले. १९६७ पासून मोहीम तीव्र झाली तेव्हा तिचा प्रमुख अमेरिकन होता आणि लशीचा मोठा वाटा रशियन होता, आणि हे सारे शीतयुद्धाच्या ऐन भरात चालले होते. नफ्याची प्रेरणा नसेल तर संशोधन थांबेल, असे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी या साखळीतील नफ्याचा दुवा शोधून दाखवावा.

भारतात शेवटचा घाव घातला तो लाखाहून अधिक आरोग्यसेवकांनी. देवीग्रस्त मुलाचे चित्र हातात धरून ते घरोघर, शाळाशाळांतून, आठवडी बाजारांतून विचारीत फिरले, की असा रोगी कोठे पाहिला आहे काय. खबर देणाऱ्याचे बक्षीस अखेरीस एक हजार रुपयांपर्यंत चढवण्यात आले. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत. १९७४ मध्ये देशात १ लाख ८८ हजार रोगी आणि ३१ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. टाटानगरहून गावी परतणाऱ्या मजुरांबरोबर साथ दूरदूर पसरली. त्या वर्षीच्या मे महिन्यात बिहारमधील साथ कळसाला पोहोचली होती, आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला पोखरणच्या वाळवंटात अणुस्फोट झाला. त्या स्फोटाला बुद्धाच्या हास्याचे सांकेतिक नाव मिळाले. विज्ञान आणि धर्म ही रथाची दोन चाके आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला अध्यक्षमहाराजांनाही सापडला नसता! अणू विज्ञानाचा, नाव करुणामूर्तीचे आणि रथ राज्यसत्तेचा.

या मोहिमेवर एक डागही आहे. ज्यांनी नकार दिला त्यांच्या झोपडीची दारे काही ठिकाणी रात्री फोडण्यात आली, बायकामुलांना धरून टोचण्यात आले. अशी जबरदस्ती बंगल्यांच्या वस्तीत झाल्याचे ऐकिवात नाही. रोग हटला म्हणून ती न्याय्य ठरत नाही. ज्या राज्याने आधी कधी गावात दवाखाना आणला नाही, त्याने एके रात्री सुई घेऊन यावे आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच उद्दामपणाची होती.

तरीही निकाल निःसंदिग्ध आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात निसर्गतः देवी झालेला जगातील अखेरचा रोगी नोंदला गेला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. देवी घालवली ती विज्ञानाने. नवसाने नव्हे, यज्ञाने नव्हे. या वाक्यापुढे 'परंतु धर्मानेही' असे शेपूट जोडणारा माणूस समन्वयवादी नसतो. त्याला मृतांचा हिशेब करायचा नसतो. पण हेही तितकेच खरे, की ज्या विज्ञानाने देवी घालवली ते कोणाच्याही मालकीचे नव्हते. दीडशेहून अधिक वर्षे जे साधले नाही ते त्यानंतरच्या थोड्या वर्षांत साधले, याचे कारण नवा सिद्धान्त सापडला हे नसून लस, सुई, पद्धत आणि माणसे ही चारही साधने बाजाराबाहेर काढली गेली, हे आहे.

या निकषावर करोनाच्या साथीकडे पाहावे. मार्च २०२० मध्ये दिल्लीत गोमूत्रप्राशनाचा जाहीर सोहळा झाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट उसळत असता हरिद्वारच्या कुंभमेळ्यात लाखोंना स्नानाची मुभा देण्यात आली. धर्मसत्ता आणि राज्यसत्ता हातात हात घालून किती माणसे स्मशानात पाठवू शकतात, हे देशाने पाहिले. त्याच दिवसांत दिल्लीलगतच्या एका गुरुद्वाराने प्राणवायूचे लंगर उघडले, रस्त्याकडेला गाड्यांत बसलेल्या रोग्यांना जात-धर्म न विचारता आणि पैसा न घेता प्राणवायू दिला. प्राणवायू रसायनशास्त्राने दिला होता, हे खरे. पण तो फुकट वाटावा, ही बुद्धी रसायनशास्त्राने दिली नव्हती. ती लंगरच्या परंपरेने दिली. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणान्तिक उपोषण करणारे साने गुरुजी ज्या धर्माविषयी बोलत, तो हाच. पुरोहितांच्या पेढीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आणि विज्ञानाच्या पेढीवर काय चालले होते? विक्रमी वेळात लशी तयार झाल्या, त्यांच्यामागे प्रचंड सार्वजनिक पैसा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी, साथ संपेपर्यंत एकाधिकाराचे नियम स्थगित ठेवावेत, असा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेपुढे ठेवला. युरोपीय संघ, ब्रिटन, स्वित्झर्लंड यांनी तो अडवून धरला. जून २०२२ मध्ये जिनिव्हात जे हाती आले ते लशीपुरते मर्यादित, अर्धेमुर्धे. औषधे व चाचण्या त्यातून वगळलेल्या. दरम्यान २०२१ या एका वर्षात फायझर या एका कंपनीने एका लशीवर ३६ अब्ज डॉलरांहून अधिक विक्री केली. परराष्ट्रांत एकाधिकाराविरुद्ध बोलणाऱ्या भारत सरकारने मायदेशात काय केले? १ मे २०२१ पासून निम्मे उत्पादन राज्यांना आणि खासगी रुग्णालयांना उत्पादकाने ठरवलेल्या भावात घेण्यास सांगितले. एकाच कुपीचे तीन गिऱ्हाइकांना तीन भाव! सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर हे धोरण मागे घेतले, तेही खासगी रुग्णालयांचा चतुर्थांश वाटा शाबूत ठेवून.

बुवाबाजीविरुद्ध लढणाऱ्यांचे ऋण महाराष्ट्रावर मोठे आहे. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाला. त्या लढ्यात कसूर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण मरीआईच्या भगताला पोलिसात देणारा आणि औषधाच्या किमतीला नैसर्गिक नियम समजणारा जो पांढरपेशा बुद्धिवादी आहे, त्याच्याशी समाजवाद्याचे भांडण आहे. भगत नारळ आणि कोंबडा घेतो; पेटंटधारी घर गहाण टाकायला लावतो. पहिल्याला ढोंगी म्हणायचे आणि दुसऱ्याला उद्योजक, हा विवेक नव्हे.

ज्या सरकारी संस्थांच्या बळावर हा देश लस टोचू शकला, त्यांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. जानेवारी २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील सार्वजनिक क्षेत्रातील तीन लसनिर्मिती संस्थांचे परवाने, उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत या कारणास्तव, निलंबित करण्यात आले. निकष पाळता यावेत म्हणून इमारती व यंत्रे सुधारणे सरकारच्याच हाती होते. ते न करता टाळे लावणे सोपे वाटले. २०१० मध्ये परवाने परत मिळाले, पण तोवर खासगी पुरवठादारांनी जागा घेतली होती.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्ता नाकारला होता. त्यामुळेच भारतीय औषधे गरीब जगाला परवडली. व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये तो मक्ता परत आला. मात्र डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून पेटंट लांबवण्यास मज्जाव करणारे कलम त्यात राहिले, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणाही व्यक्तीला हरकत घेण्याचा हक्कही राहिला. या हक्काची किंमत मार्च २०२३ मध्ये दिसली. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनचा मक्ता २०२७ पर्यंत वाढवून मागणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. हरकत घेतली होती दोन स्त्रियांनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या विषारी औषधांनी हिरावून नेलेली.

त्यानंतर वर्षाच्या आत, मार्च २०२४ मध्ये, केंद्र सरकारने पेटंटचे नियम बदलले. आता हरकत घेणाऱ्याने शुल्क भरायचे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी नियंत्रकाने ठरवायचे. हा बदल राजपत्रात छापून आला तेव्हा कोणत्याही व्याख्यानमालेत त्यावर परिसंवाद झाला नाही, आणि पक्षाच्या किती तालुका शाखांनी त्याविरुद्ध ठराव केला, हे शाखांनी आपापल्या वहीत पाहावे.